ब्रेकची बैठक : सायकलीच्या सांगाड्यावरील जोडणीच्या पद्धतींचा इतिहास

सायकलीच्या इतिहासाची मांडणी बहुधा चाक, टायर आणि साखळी ह्या तिघांच्या आधाराने केली जाते. ब्रेकला त्यात स्थान मिळाले तरी ते उशिरा, आणि ब्रेक सांगाड्याला नेमका कोठे व कशाने जोडलेला असतो हा प्रश्न तर तळटीपेपुरताच उरतो. वस्तुतः इतिहासकाराच्या उपयोगाची बरीच सामग्री ह्याच प्रश्नात दडलेली आहे. ब्रेक हा झिजणारा आणि बदलला जाणारा भाग आहे. रबर झिजते, तार तुटते, हात वाकतो आणि जुन्याच्या जागी नवा ब्रेक येतो. तो ज्या जागी बसतो ती जागा मात्र सांगाड्याबरोबरच घडविलेली असते आणि सांगाड्याइतकीच टिकते. चिमट्याच्या माथ्यातील एक भोक, मागच्या तिरप्या नळ्यांना जोडणारी एक आडवी नळी, पितळेने झाळून बसविलेल्या दोन खुंट्या, एवढ्यावरून तो सांगाडा कोणत्या काळातला आणि कोणत्या ब्रेकसाठी घडविलेला हे पुष्कळ अंशी सांगता येते. जुना ब्रेक वेगळ्या धाटणीच्या सांगाड्यावर बसविण्याचा, किंवा जुन्या सांगाड्यावर वेगळा ब्रेक चढविण्याचा उद्योग वरवर पाहता मिस्त्रीचा असला, तरी इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष द्यावयास हवे ते ह्यासाठी, की ह्या उद्योगात पुष्कळदा ती जागाच बदलून जाते.

परिभाषेविषयी प्रथम थोडा खुलासा आवश्यक आहे. पुढचे चाक धरणाऱ्या दुभंगलेल्या भागास सायकलदुरुस्तीच्या दुकानात ‘चिमटा’ म्हणतात. रिमला दोन्ही अंगांनी आवळणाऱ्या ब्रेकला इंग्रजीत ‘कॅलिपर’ हे नाव मिळाले, ते जाडी मोजण्याच्या दोन पायांच्या उपकरणावरून. अर्थाने पाहता मराठीत ह्या ब्रेकलाही चिमटाच म्हणणे शोभले असते. परंतु तो शब्द दुसऱ्या भागाने आधीच अडविलेला होता. एकाच यंत्रातील शेजारशेजारच्या दोन भागांना एकच नाव चालत नाही, कारण तेथे संदर्भही संदिग्धता दूर करू शकत नाही. म्हणून पुढील विवेचनात चिमटा म्हणजे चाकाचा चिमटा आणि रिम आवळणारा तो कॅलिपर ब्रेक, असा भेद पाळला आहे.

आरंभी ब्रेकला सांगाड्यावर स्वतंत्र जागा नव्हतीच. मोठ्या पुढच्या चाकाच्या सायकलीवर हँडलजवळून निघणाऱ्या दांडीच्या टोकाशी चमच्यासारखी एक पट्टी असे आणि ती घन रबरी टायरवर वरून दाबली जाई. खरा ब्रेक म्हणजे स्वाराचे पाय. पायडल चाकाशी अखंड जोडलेले असल्यामुळे पायांचा वेग आवरला की चाकाचा वेग आवरे. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली ह्याची ‘रोव्हर’ सायकल आली, १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि त्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत फ्रीव्हीलचा प्रसार झाला. ह्या तीन घटनांचा एकत्रित परिणाम ब्रेकवर झाला. फ्रीव्हीलने पायांचा ब्रेक हिरावून घेतला आणि हवेच्या टायरने चमच्याचा ब्रेक गैरसोयीचा केला, कारण घासून घासून टायरच झिजू लागला. तेव्हा घर्षणाची जागा टायरवरून रिमवर न्यावी लागली. रिम टायरच्या आत असते, म्हणजे तिथपर्यंत पोचावयाचे तर ब्रेकला टायरला वळसा घालून जाणे भाग पडले. जोडणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे उत्पन्न झाला. (चाकाच्या तुंब्यातच ब्रेक बसविण्याचा दुसरा मार्गही ह्याच सुमारास निघाला, १९०३ मधील श्वाइनफुर्टचा ‘टॉर्पेडो’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याला सांगाड्यावर एका पट्टीपलीकडे काहीच लागत नसल्यामुळे प्रस्तुत विषयात त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.)

ह्या प्रश्नाला इंग्लंडने दिलेले पहिले उत्तर भारतीय वाचकाला सांगावयास नको, कारण ते त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. ते म्हणजे दांडीचा ब्रेक. हँडलखालच्या मुठीपासून पोलादी दांड्यांची एक साखळी चाकापर्यंत जाते. रिकिबीच्या आकाराचा एक भाग चाकावर आडवा बसतो आणि मूठ दाबली की वर ओढला जाऊन त्याची रबरे रिमच्या आतल्या, म्हणजे आऱ्यांकडील अंगावर टेकतात. ह्या ब्रेकची बैठक एका बिंदूत नसून सर्व सांगाडाभर विखुरलेली असते. हँडलच्या बुंध्याशी एक आधार, चिमट्याच्या दोन्ही पायांवर आवळलेल्या मार्गदर्शक पट्ट्या, पायडलच्या कण्याजवळ दिशा बदलणारा एक सांधा, मागच्या खालच्या नळ्यांवर आणखी पट्ट्या, असा तो पसारा आहे. त्याला रिमही निराळी लागते. ‘वेस्टवुड’ नावाच्या रिमला आऱ्यांच्या दोन्ही बाजूंस रबर टेकण्याजोगी गोलसर पाठ असते, पण बाजूच्या भिंती सपाट नसतात. उलट कॅलिपर ब्रेकसाठी केलेल्या ‘एंड्रिक’ रिमच्या भिंती सपाट असतात. पुढे दोहोंचे गुण एकत्र आणणारी रिम निघाली तेव्हा तिचे नावही दोन नावांची टोके जोडून ‘वेस्ट्रिक’ असे पाडण्यात आले. वस्तूचा संकर झाला तसाच शब्दाचाही झाला, असे उदाहरण इतक्या उघड रूपात क्वचितच सापडते.

दांडीच्या ब्रेकची सायकल भारतात दीर्घायुषी ठरली. मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतची ॲटलस (१९५१), आसनसोलजवळची सेन-रॅले, लुधियानाची हीरो (१९५६) आणि मुंबईत वरळी येथील हिंद सायकल्स ह्या कारखान्यांच्या काळात रस्त्यावरची सर्वसामान्य सायकल म्हणजे २८ इंची चाकांची, दांडीच्या ब्रेकची काळी सायकल होय. इंग्लंडमध्ये ती मागे पडल्यानंतरही येथे ती होत राहिली. ह्याचे कारण केवळ अनुकरण नव्हे. दांडीला गंज चढला तरी ती तारेसारखी अचानक तुटत नाही, आणि तिचा कोणताही सांधा साध्या पान्याने गावातल्या दुकानात दुरुस्त होतो. पावसात पोलादी रिमवर तिची रबरे घसरतात हा दोष खराच. पण तो पोलादी रिमवरच्या प्रत्येक ब्रेकचा दोष आहे.

दुसरे उत्तर शक्य झाले ते एका तारेमुळे. अर्नेस्ट मोनिंग्टन बाउडन ह्याने १८९६ मध्ये पेटंट घेतलेली, लवचीक वेष्टणातून सरकणारी पोलादी तार ही ती होय. (रॅले कंपनीचा संस्थापक फ्रँक बाउडन हा निराळा, आडनावाच्या साम्यामुळे तारेचे श्रेय त्याला देण्याची चूक अनेकांनी केली आहे.) दांडीला सरळ मार्ग लागतो, तार वळणावळणाने कोठेही जाते. मूठ आणि ब्रेक ह्यांच्यामधले अंतर व कोन ह्यांना आता महत्त्व उरले नाही. परिणामी ब्रेकची विखुरलेली बैठक आकसत आकसत एका बोल्टापर्यंत आली. चिमट्याच्या माथ्यातून आरपार एक भोक आणि मागच्या आडव्या नळीतून दुसरे, एवढ्यावर काम भागू लागले.

हे भोक ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टासाठी असते. ब्रेकच्या मध्यातून निघालेला बोल्ट त्यातून पार होतो आणि दुसऱ्या बाजूस त्यावर नट आवळला जातो; गोल नळीवर सपाट पृष्ठभाग मिळावा म्हणून मध्ये खोलगट वॉशर घालतात. जोडणी अशी साधी असली तरी तिच्यात एक माप गृहीत धरलेले असते. बोल्टाच्या मध्यापासून रिमच्या मध्यापर्यंतचे अंतर ब्रेकच्या हातांच्या लांबीशी जुळले पाहिजे. हातांना खाली उभी खाच असते आणि रबर तिच्यात वरखाली सरकविता येते. पण ही सूट साधारणतः १० मिलिमीटरची. पुढे रूढ झालेल्या एका मापात हे अंतर ४७ ते ५७ मिलिमीटर धरले जाते. मडगार्ड बसावा म्हणून चाकाभोवती मोकळी जागा ठेवलेल्या सांगाड्यात अंतर वाढते, आणि लांब हाताचा ब्रेक लागतो. तरफेचा नियम येथे कोणाचीही गय करीत नाही. तार ओढणारा वरचा हात तेवढाच ठेवून खालचा हात ५० वरून ७५ मिलिमीटर केला, तर मुठीवर तोच जोर लावूनही रबराचा दाब दोन-तृतीयांशच राहतो. शिवाय लांब हात अधिक लवतो. बोल्टाच्या भोकाशी एक पट्टी लटकवून ब्रेक खाली आणण्याची युक्ती जुनी आहे, आणि तिच्यात सांगाड्याला धक्का लागत नाही हा गुणही आहे. परंतु जोडाला आणखी एक जोड आला की हेलकावाही आणखी एक आला, हे लक्षात ठेवावे लागते.

फ्रान्समध्ये ह्या प्रश्नाचा विचार वेगळ्या अंगाने झाला. क्लेर्मों-फेराँ येथील माफाक कंपनीचा ‘रेसर’ हा ब्रेक १९५० च्या दशकाच्या आरंभी आला. त्यात दोन हात एकाच बोल्टाभोवती न फिरता एका आडव्या पट्टीवरील दोन स्वतंत्र खिळ्यांभोवती फिरतात आणि तार मधोमध वर ओढली जाते. स्वित्झर्लंडच्या वाइनमानने ह्याच तत्त्वाचे ‘व्हेंकर’ ब्रेक काढले. त्यांच्या ६१० व ७५० ह्या क्रमांकांपैकी मोठा क्रमांक लांब हातांचा. असा ब्रेक त्याच ६ मिलिमीटरच्या भोकात बसतो, पण त्याला आणखी एक गोष्ट लागते. तारेचे वेष्टण ब्रेकच्या वर कोठेतरी थांबले पाहिजे. त्यासाठी पुढे हँडलच्या बुंध्याशी आणि मागे बैठकीच्या दांडीखाली एकेक आधार हवा. बाजूने ओढल्या जाणाऱ्या ब्रेकमध्ये वेष्टण ब्रेकच्याच एका हातावर थांबत असल्यामुळे ही गरज नसते. म्हणून एका सांगाड्यावरचा मधोमध ओढला जाणारा ब्रेक काढून दुसऱ्यावर लावणारा मनुष्य भोक तपासतो, अंतर मोजतो, सर्व जुळले म्हणून समाधान मानतो आणि शेवटी तार जोडताना अडतो.

पॅरिसजवळच्या रने हर्स आणि अलेक्स सिंगर ह्यांच्यासारख्या सांगाडे घडविणाऱ्या कारागिरांनी ह्याच ब्रेकला आणखी एक पायरी पुढे नेले. मधली आडवी पट्टी काढून टाकून त्यांनी हातांचे खिळे थेट चिमट्यावर व मागच्या नळ्यांवर झाळले. पट्टीचे लवणे गेले आणि वजनही कमी झाले. बैठक रिमच्या जवळ नेण्याच्या दृष्टीने ह्या पद्धतीहून पुष्टी मिळालेली दुसरी पद्धत म्हणजे कँटिलिव्हर ब्रेकची. त्यात रिमच्या खाली दोन खुंट्या झाळलेल्या असतात आणि प्रत्येक हात आपापल्या खुंटीवर फिरतो. चिखलातल्या शर्यतींच्या, प्रवासाच्या आणि दोन स्वारांच्या सायकलींवर तो विशेष रूढ झाला. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर निःसंशय सरस आहे. पण त्याची किंमत सांगाड्याने मोजली. साधे भोक कोणत्याही कंपनीच्या ब्रेकला आसरा देते. झाळलेली खुंटी एका ठराविक रुंदीच्या, एका ठराविक रिमच्या ब्रेकशी सांगाड्याचा कायमचा करार करते. जुन्या कँटिलिव्हर खुंट्यांमधील अंतर ६०-६५ मिलिमीटरच्या आसपास असे, नंतरच्या काळात ते ८० च्या आसपास गेले; त्यामुळे नवे हात जुन्या खुंट्यांवर चढतात, पण त्यांची रबरे रिमला नीट कोनात भेटत नाहीत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डोंगरी सायकलींवर ‘यू’ आकाराचे ब्रेक आले, त्यांच्या खुंट्या रिमच्या वर असतात. दिसावयास खुंट्या सारख्याच. पण वरच्या खुंटीवर खालचा ब्रेक किंवा खालच्या खुंटीवर वरचा ब्रेक बसत नाही, आणि ह्याला कोणतीही पट्टी वा वॉशर उपाय नाही. त्या ब्रेकची लाट चार-दोन वर्षांत ओसरली आणि त्या थोड्या वर्षांतले सांगाडे मात्र आपल्या खुंट्यांसह उरले.

चाकांच्या मापांतील बदलाची कथा ह्याच जातीची असली तरी तिचा शेवट बरा आहे. इंग्रजी क्लबच्या सायकलींचे २७ इंची चाक रिमच्या टायर बसणाऱ्या कडेवर मोजले असता ६३० मिलिमीटर व्यासाचे भरते आणि फ्रेंच ‘७०० सी’ चाक ६२२ मिलिमीटरचे. नावात आकडा मोठा असूनही चाक लहान, हा त्या दोन मापनपद्धतींचा विक्षेप आहे. व्यासात ८ म्हणजे त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक. जुन्या सांगाड्यात नवे चाक घातले की रिम भोकापासून ४ मिलिमीटर दूर जाते. खाचेत तेवढी जागा उरली असेल तर रबरे खाली सरकवून काम होते, नसेल तर लांब हाताचा ब्रेक शोधावा लागतो. अलीकडे जुन्या सांगाड्यांवर ५८४ मिलिमीटरची चाके बसविण्याची पद्धत पडली आहे. तेथे हे अंतर १९ मिलिमीटरने वाढते, आणि म्हणूनच वाइनमानचे ७५० किंवा माफाकचे लांब हाताचे जुने ब्रेक, जे एके काळी सामान्य माल समजले जात, ते आज मागणीत आले आहेत.

सर्वांत मोठा बदल मात्र सर्वांत कमी दिसणारा आहे. १९६८ च्या सुमारास व्हिचेंझाच्या काम्पान्योलो कंपनीने आपले बाजूने ओढले जाणारे रेकॉर्ड ब्रेक बाजारात आणले आणि शर्यतीच्या सायकलींवर ह्या जातीचे ब्रेक पुन्हा प्रतिष्ठित झाले. त्यांची बैठक आरपार बोल्ट आणि मागे साधा नट अशीच होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू आणि १९८० च्या दशकात सर्रास ही पद्धत बदलली. बोल्ट आखूड झाला. त्याला धरणारा नट लांब बाहीचा झाला आणि ती बाही सांगाड्याच्या आतच शिरू लागली. त्यासाठी मागील बाजूचे भोक ८ मिलिमीटरचे करण्यात आले. पुढील बाजूचे ६ मिलिमीटरच राहिले. बाहेर आलेला नट गेला, षट्‌कोनी किल्लीने आवळणे सोपे झाले, दिसणे सुबक झाले. लाभ एवढाच. बोल्टाची जाडी बदलली नाही, आटे बदलले नाहीत, ब्रेकचे तत्त्व बदलले नाही. तरीही कित्येक दशकांचे सांगाडे एका पिढीत नव्या ब्रेकना परके झाले. व्याकरणात ज्याप्रमाणे एखाद्या प्रत्ययाचा उच्चार ढळल्याने सबंध रूपावली हलते, त्याप्रमाणे येथे दोन मिलिमीटरांनी सबंध व्यवहार हलविला.

ह्या बदलाची एक विशेषता अशी की तो दोन्ही दिशांनी सारखा नाही. जुना ब्रेक नव्या सांगाड्यावर बसवावयाचा असेल तर त्याचा लांब बोल्ट चिमट्यातून पार होतोच. मागील ८ मिलिमीटरच्या भोकात तो खेळू नये म्हणून ६ मिलिमीटर आतील आणि ८ मिलिमीटर बाहेरील व्यासाचे एक बुश घातले, बाहेर वॉशर व नट लावला, की काम झाले. उद्या ब्रेक काढला तर सांगाडा होता तसा राहतो. नवा ब्रेक जुन्या सांगाड्यावर बसवावयाचा असेल तर मात्र धातू कापावा लागतो, आणि कापलेला धातू परत येत नाही. पुढच्या चिमट्याचा माथा जाड असतो. त्याची फक्त मागील भिंत ८ मिलिमीटर केली तर सहसा अपाय होत नाही. मागची आडवी नळी तशी नव्हे. ती बारीक, पातळ भिंतीची असते आणि नव्या पद्धतीच्या सांगाड्यांत तिला आतून जी आडवी बाही झाळलेली असते ती जुन्यात नसते. अशा नळीत ८ मिलिमीटरचे भोक पाडणे म्हणजे जेथे सर्व जोर एकवटतो तेथेच ती खिळखिळी करणे होय. चालत्या सायकलीवर ब्रेक निखळून आऱ्यांत गेला तर काय होते ह्याचे वर्णन अनावश्यक आहे.

ह्यावर मिस्त्रींनी काढलेली तोड पुस्तकी विद्वत्तेला हेवा वाटावा अशी आहे. नव्या ब्रेकच्या जोडीत पुढच्याचा बोल्ट लांब असतो, कारण त्याला चिमट्याचा माथा ओलांडावयाचा असतो, मागच्याचा आखूड. जुन्या सांगाड्यावर ही जोडी उलटी लावली, म्हणजे पुढचा ब्रेक मागे नेला, तर त्याचा लांब बोल्ट आडव्या नळीतून पार होऊन साधा नट धरतो आणि नळीला कानसही लागत नाही. पुढे आणलेल्या ब्रेकचा आखूड बोल्ट लांब बाहीच्या नटाने धरावा लागतो, व त्यासाठी चिमट्याची मागील भिंत तेवढी रुंदावी लागते. म्हणजे दोन छेदांपैकी घातक छेद टळतो. निर्दोष मात्र तोही मार्ग नाही.

दांडीच्या ब्रेकच्या सांगाड्यावर कॅलिपर ब्रेक चढविण्याचा प्रसंग भारतात अधिक येतो आणि तेथे अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असतात. वेस्टवुड रिमला सपाट भिंती नसल्यामुळे प्रथम रिम बदलावी लागते. २८ इंची चाकाचे माप ६३५ मिलिमीटर. त्याऐवजी सहज मिळणारी ६२२ ची रिम घातली तर अंतर साडेसहा मिलिमीटरने वाढते, आणि मुळात ह्या सांगाड्यात मोकळी जागा एवढी असते की साधा ब्रेक तेथवर पोचतच नाही. चिमट्याच्या माथ्यात भोक असलेच तर ते मडगार्डासाठी असते, ब्रेकच्या जोरासाठी नव्हे. एवढे सर्व करून अखेर जो ब्रेक बसतो तो लांब हातांचा, म्हणून मऊ आणि लवणारा असतो. काढून टाकलेल्या दांडीच्या ब्रेकहून तो कोरड्या रस्त्यावर फार सरस ठरतो असे नाही. रिम ॲल्युमिनियमची घेतली तर पावसात फरक पडतो, पण ते श्रेय रिमचे आहे.

अशा सांगाड्यांवर मूळ बैठक कोणती होती हे ठरविण्यास कागदोपत्री पुरावा बहुधा नसतो, परंतु धातू साक्ष देतो. दांडीच्या मार्गदर्शक पट्ट्या काढल्या तरी चिमट्याच्या पायांवर त्यांच्या आवळणीचे वळ आणि त्याखालचा न उन्हाळलेला, गडद रंग राहतो. ८ मिलिमीटरचे भोक कारखान्यातले असेल तर रंगाचा किंवा क्रोमचा थर त्याच्या कडेवरून आत वळलेला दिसतो. नंतर पाडलेले असेल तर थर कडेशी तुटलेला असतो आणि आतील पोलाद उघडे असते. झाळलेली खुंटी मागाहून बसविलेली असेल तर तापलेल्या जागेभोवती रंग नव्याने दिलेला आढळतो आणि त्याची कड जुन्या रंगाशी जुळत नाही. सांगाड्याला एकदा पूर्ण रंग दिला गेला की ह्या तिन्ही खुणा एकाच दिवसात नाहीशा होतात.